पॉइंट, टॅपेट आणि अ‍ॅमीटरचा काटा : अंगणात उघडल्या जाणाऱ्या बुलेटचा इतिहास

(दीर्घ धागा)

१९८० च्या दशकातली बुलेट सुरू करणे म्हणजे नुसती किक मारणे नव्हे. आधी चावी फिरवायची आणि हेडलाइटच्या वरच्या खोळीत बसवलेल्या अ‍ॅमीटरकडे पाहायचे. काटा डावीकडे झुकलेला असेल, तर इग्निशनचे पॉइंट मिटलेले आहेत आणि कॉइलमधून वीज वाहते आहे असे समजायचे. मग किक पायाने हळूहळू दाबत न्यायची. काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले, म्हणजेच पिस्टन दाबाच्या टोकाशी येऊन थांबला. आता डाव्या हाताशी असलेला डिकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक आणखी किंचित पुढे ढकलायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण, ठाम लाथ. क्रम चुकला तर इंजिन उलट लाथ मारी आणि मालकाला काही दिवस लंगडावे लागे.

या क्रमाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहायला हवे. ही गाडी चालवणाऱ्या माणसाला सिलिंडरच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, पिस्टन नेमका कुठे आहे हे ठाऊक असणे आवश्यक होते. आज तीस वर्षांच्या आतल्या बहुतेक दुचाकीस्वारांना आपल्या गाडीत पॉइंट नसतात हेही माहीत नसते, आणि माहीत असण्याचे कारणही नाही.

मग यंत्र आपल्या मालकाकडून इतक्या ज्ञानाची अपेक्षा का करीत होते? बुलेटप्रेमींच्या मेळाव्यांत याचे उत्तर ‘प्रेम’ असे मिळते. गाडीवर प्रेम होते, म्हणून माणसे रविवारी सकाळी ती घरी उघडत. हे उत्तर गोड असले तरी अपुरे आहे. घरच्या देखभालीची ही रीत आधी एका इंग्रजी औद्योगिक गावात गृहीत धरली गेली, नंतर भारताच्या आयातधोरणामुळे ती इथे गोठून राहिली. प्रेम त्यातून पुढे उपजले.

ते गाव म्हणजे वुस्टरशायरमधले रेडिच. हे गाव मुळात सुया बनवणारे. जॉर्ज टाउनसेंड यांचा सुयांचा उद्योग तिथलाच. त्यातून पुढे सायकलींचे भाग आले, आणि एनफिल्ड येथील सरकारी बंदूक-कारखान्याला सुटे भाग पुरवण्याच्या कंत्राटातून ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव आले. तोफेचे चिन्ह त्याच नात्याची खूण आहे. कंपनीची पहिली मोटारसायकल १९०१ ची. ‘बुलेट’ हे नाव प्रथम १९३२ मध्ये वापरले गेले. मात्र भारताला ओळखीची असलेली बुलेट ही नव्हे. ती १९४८-४९ मध्ये घडली : ३४६ सीसीचे एकच सिलिंडर, ७० मिमी व्यास आणि ९० मिमी स्ट्रोक, अ‍ॅल्युमिनियमचे हेड, क्रँककेसमध्येच ओतलेली तेलाची टाकी, आणि मागे स्विंगिंग आर्मचे सस्पेन्शन. हे शेवटचे त्या काळी नवलाचे होते. बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींचे मागचे चाक तेव्हा चौकटीला ताठ जोडलेले असे.

म्हणजे बुलेट जन्मतः जुनाट नव्हती, हे आधी नोंदवले पाहिजे. १९५२ मध्ये जॉनी ब्रिटन या तरुण स्वाराने याच गाडीवर स्कॉटलंडमधली सहा दिवसांची अवघड चाचणी जिंकली. तिचा ‘जुनेपणा’ नंतरचा आहे आणि तो भारतात तयार झाला.

महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये मोटारसायकल ही कामगाराची आणि लहान नोकरदाराची गाडी होती. मोटार परवडत नसे, म्हणून बाजूला साइडकार जोडून बायकामुलांसह सुटीला समुद्रकिनारी जाणारे कुटुंब हे तिथले नेहमीचे दृश्य. गॅरेजला देण्याइतके पैसे अशा कुटुंबाकडे नसत. कारखानदारही हे जाणून असत. गाडीसोबत हत्यारांची पिशवी आणि मालकासाठी पुस्तिका मिळे. पिटमन या प्रकाशनसंस्थेने तर एकेका प्रसिद्ध मोटारसायकलीसाठी स्वतंत्र पुस्तके काढली होती. त्यांत केवळ तेल बदलण्याच्या सूचना नसत. काही हजार मैल झाले की मालकाने स्वतः सिलिंडरचे हेड उतरवावे, पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या पोकळीत साचलेला कार्बन खरवडावा, व्हॉल्व्ह बाहेर काढून घासणीच्या लुकणाने त्यांच्या जागेवर पुन्हा घासून बसवावेत आणि सगळे परत जोडावे, अशी त्यांत सरळ अपेक्षा असे. त्या काळची तेले आणि पेट्रोल पाहता कार्बन साचणे अटळच होते. आज इंजिन उघडणे म्हणजे मोठे दुखणे समजले जाते. १९५० च्या रेडिचमध्ये ती हंगामी साफसफाई होती, आपल्याकडे पावसाळ्याआधी कौले चाळतात तशी.

बुलेटचा प्रत्येक नट कुठे बसवायचा हे या गृहीतकानुसार ठरले होते. टॅपेटची सोय सिलिंडरच्या पायथ्याशी, हात पोचेल अशा लहानशा झाकणामागे. प्रायमरी चेनचे बाहेरचे झाकण एकाच मोठ्या नटावर. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, म्हणजे एक उतरवताना दुसऱ्याला धक्का लागू नये. अंगणात, सतरंजीवर, दोन-चार पान्यांनी उघडता यावे असे ते यंत्र होते.

आता मद्रास.

स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरच्या गस्तीसाठी सरकारला कणखर मोटारसायकल हवी होती. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सैन्य आणि पोलिसांसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेटची मागणी नोंदवली गेली. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोत्तियुरला कारखाना आला. प्रथम रेडिचहून सुटे भाग येत आणि इथे जोडले जात. मग साचे आणि यंत्रसामग्रीच आली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सगळी गाडी इथेच बनू लागली.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये बुलेट संपत होती. १९५९ मध्ये मिनी ही छोटी मोटार आली आणि साइडकारवाले कुटुंब हळूहळू चार चाकांवर गेले. १९६९ मध्ये होंडाने चार सिलिंडरची सीबी ७५० आणली, ती बटणावर सुरू होई आणि तेल गळत नसे. रेडिचचा कारखाना त्याआधीच, १९६७ मध्ये, बंद झाला होता. १९७० मध्ये ब्रिटिश रॉयल एनफिल्डचा उरलासुरला कारभारही आटोपला.

मद्रासमध्ये मात्र १९५५ च्या आराखड्याची बुलेट बनतच राहिली. १९५१ च्या उद्योग कायद्याने परवान्याशिवाय उत्पादन वाढवता येत नव्हते, परकीय चलन दुर्मीळ होते, आयात जवळपास बंद होती. स्पर्धेला म्हैसूरची जावा (पुढची येझदी) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, बस्स. गाडी बदलण्याचे कोणतेही कारण कारखान्याला उरले नाही. ‘बुलेट इतकी उत्तम होती की बदलावीच लागली नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. ती चांगली होती, पण ती बदलली नाही याचे कारण दिल्लीच्या उद्योगभवनात शोधावे लागते. १९७७ मध्ये तर कंपनीने हीच बुलेट ब्रिटनला निर्यात करायला सुरुवात केली. तिथल्या ग्राहकांना ती आपल्या वडिलांच्या तरुणपणातून आल्यासारखी वाटली असल्यास नवल नाही.

या गोठण्याचा एक परिणाम मात्र कोणीही योजलेला नव्हता. आराखडा तोच, त्यामुळे सुटे भागही तेच. १९९० च्या दशकातला भाग १९६५ च्या इंजिनात बहुधा थोड्याफार घासणीने बसे. सैन्याच्या लिलावात निघालेल्या ‘डिस्पोजल’च्या गाड्या, पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचे करोल बाग, या सगळ्यांना मिळून एक अखंड कोठार तयार झाले. एखादी जुनी बुलेट आज बारकाईने पाहिली तर ती उत्खननातल्या थरांसारखी वाचता येते. क्रँककेस एका दशकातला, कार्बुरेटर दुसऱ्यातला, मडगार्ड सैन्याचे, टाकी कुठल्या तरी अपघातग्रस्त गाडीची, आणि नोंदणीपुस्तकात फक्त इंजिन आणि चॅसिसचे दोन क्रमांक. कागदपत्रांपेक्षा गाडीच अधिक बोलते असा हा दुर्मीळ प्रकार आहे.

पान्यांचीही एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या बुलेटमधले बरेच आटे ब्रिटिश मापाचे होते. भारताने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेट्रिक पद्धत स्वीकारली. बाजारात मिलिमीटरचे पाने आले. पण बुलेटचे नट इंचांतच राहिले. नव्या मापाचा पाना जुन्या नटावर ‘जवळपास’ बसे, आणि या ‘जवळपास’ने हजारो नटांचे कोपरे गोल केले. म्हणून जाणत्या घरात बुलेटचे पाने वेगळ्या कापडात गुंडाळून ठेवलेले असत आणि शेजाऱ्याला ते सहसा मिळत नसत.

घरी नेमके काय केले जाई? दोन कामे सांगितली तरी अंदाज येईल.

पहिले टॅपेटचे. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच करायचे. प्लग काढायचा, पिस्टन दाबाच्या फेरीच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग सिलिंडरच्या उजव्या बाजूला तळाशी असलेले झाकण काढले की दोन पुशरॉडची खालची टोके दिसतात. एका पान्याने टोक धरून दुसऱ्याने लॉकनट सैल करायचा आणि लांबी कमी-जास्त करायची. इथे मोजणीचे साधन म्हणजे बोटे. रॉड चिमटीत धरून फिरवला तर सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. अधिक घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. सैल असेल तर टकटक ऐकू येते. ‘सहज फिरला पाहिजे’ हे लिहायला एक ओळ पुरते, पण ते किती सहज हे समजायला दोन-तीन वर्षे लागत. ते शिकवण्याची एकच पद्धत होती : जाणत्याने स्वतः बसवून दाखवायचे आणि मग शिकणाऱ्याच्या बोटांत रॉड द्यायचा.

दुसरे काम पॉइंटचे. पॉइंट म्हणजे विजेच्या मार्गातले एक उघडझाप करणारे लहानसे दार. ते ज्या क्षणी उघडते त्या क्षणी कॉइलमध्ये मोठा दाब निर्माण होऊन प्लगला ठिणगी पडते. हा क्षण पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या जरा आधी यावा लागतो. तो कसा ओळखायचा? सिगारेटच्या वेष्टनातला पातळ कागद पॉइंटच्या मध्ये सरकवायचा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवत कागद हलकेच ओढत राहायचे. कागद निसटला, तोच तो क्षण. कधीही सिगारेट न ओढलेल्या घरातसुद्धा या कामासाठी तो कागद जपून ठेवलेला असे. पॉइंट जळून काळे पडत, त्यांना बारीक कानस लागे. कंडेन्सर गेला की गाडी फटाके फोडत बंद पडे, आणि प्रवासाला निघताना जादा कंडेन्सर खिशात नसणे हा बेजबाबदारपणा समजला जाई.

बाकी तेलगळती हा विषय मोठा आहे, पण थोडक्यातच आटोपतो. चेनकेसच्या त्या एकाच नटावरच्या झाकणातून तेल झिरपे, घरासमोरच्या फरशीवर डाग पडे, आणि ‘गळत नसेल तर टाकीत तेलच उरले नसेल’ हा विनोद सगळ्या भारतीय भाषांत सारखाच सांगितला जाई.

या ज्ञानाचे खरे मालक कोण, हा प्रश्न सोयीस्करपणे बाजूला ठेवला जातो. आठवणी लिहिणारे बहुतेक गाडीचे मालक असतात. पण मालकाला बोटांची ती जाण दिली कोणी? गल्लीतल्या मिस्त्रीने. तो अनेकदा शाळा सोडून दहा-बाराव्या वर्षी गॅरेजात आलेला असे, आधी पाने धुण्याचे, मग पंक्चरचे, मग ‘उस्तादां’च्या बाजूला उभे राहून ऐकण्याचे काम करत शिकलेला असे. रेडिचच्या कामगाराला पुस्तक मिळाले होते. इथे पुस्तक इंग्रजीत होते आणि ज्ञान मराठीत, हिंदीत, दखनीत तोंडी फिरत होते. म्हणूनच गॅसकेटचे ‘पॅकिंग’ झाले, चाकाचा तिरकेपणा काढणे म्हणजे ‘आउट काढणे’ झाले. ‘फटफटी’ हा शब्दही असाच. कुठल्याही कोशकाराने बसून तो घडवला नाही. सुट्या सुट्या स्फोटांचा तो आवाज ज्याने ऐकला त्याने दिला. या तोंडी परंपरेची साधने फारशी जमवली गेलेली नाहीत. जे मिस्त्री आज सत्तरीत आहेत त्यांच्या मुलाखती घेणे हे कोणत्याही मोटारसायकल संग्रहालयाइतकेच महत्त्वाचे काम आहे. आणखी एक गोष्ट : ही सगळी शिकवण बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून पोराकडे गेली. घरातल्या मुलीला त्या सतरंजीवर सहसा जागा नव्हती.

१९८० च्या दशकात परवान्यांची पकड सैलावली आणि जपानी कंपन्या भागीदारीत आल्या. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली. तिची जाहिरात होती ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ : पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. भारतीय दुचाकीच्या इतिहासात याहून क्रांतिकारक तीन वाक्ये क्वचितच सापडतील. त्यांतले पहिले पेट्रोलच्या बचतीविषयी होते, पण तिसरे एका संपूर्ण संस्कृतीविषयी होते. आता मालकाने यंत्र विसरायचे होते! नोकरदार वर्गाने हा सल्ला आनंदाने मानला आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. दर रविवारी हात काळे करणे हे ज्याला कामावर वेळेत पोचायचे आहे त्याच्यासाठी सुख नव्हते.

बुलेटची विक्री घसरत गेली आणि १९९४ मध्ये आयशर समूहाने कंपनी ताब्यात घेतली. पण त्या पडत्या काळातच बुलेटला नवे काम मिळाले होते : लांबचा प्रवास. यातही भूगोलाचा आणि सरकारी निर्णयांचा वाटा मोठा आहे. लडाख पर्यटकांसाठी १९७४ मध्ये खुले झाले. मनाली-लेह रस्ता सामान्य वाहनांना १९८९ मध्ये. दिल्लीत जुनी बुलेट विकत घेऊन हिमालयाकडे किंवा गोव्याकडे निघणारे परदेशी प्रवासी त्याआधीपासूनच दिसत होते. पुढे पुण्या-मुंबईची तरुण मंडळीही निघू लागली.

कारखान्यातून निघालेली बुलेट प्रवासाची गाडी नव्हती. ती तशी घरी केली जाई. सैन्याच्या गाड्यांवर पाहिलेल्या चौकटीसारखी लोखंडी चौकट वेल्डिंगवाल्याकडून मागे दोन्ही बाजूंना लावून घ्यायची, त्यात कॅनव्हासच्या पिशव्या आणि पेट्रोलचा कॅन. पुढे जाड लेगगार्ड, म्हणजे गाडी आडवी झाली तरी पाय आणि इंजिन वाचावे. यांतली सगळ्यात शहाणी युक्ती दिसायला काहीच नव्हती : क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या चालू केबलला चिकटवूनच नवी केबल आधीपासून ओवून ठेवायची. वाटेत केबल तुटली तर टाकी काढण्याची गरज नाही, फक्त दोन टोके बदलायची. टाकीला चीर गेली तर अंगाचा साबण दाबून भरायचा, क्रँककेसला तडा गेला तर एम-सील. जादा प्लग, चेनची कडी, ट्यूब, पॉइंट, चार स्पोक, थोडी तार. जो भाग घरी स्वतः बसवलेला नाही तो बारालाचावर अंधारात बसवता येत नाही, हे प्रत्येक जुना प्रवासी सांगतो. घरची देखभाल ही अशा रीतीने प्रवासाची तालीम झाली.

उंचीवर कार्बुरेटरची परीक्षा होई. खार्दुंग ला खिंडीच्या पाटीवर बरीच वर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,६०० फुटांच्या आत भरते. (पाटीजवळ काढलेल्या छायाचित्रांची संख्या पाहता ही दुरुस्ती फारशी कोणाला आवडलेली नाही.) पण तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्माच असतो हे खोटे नाही. कार्बुरेटर मात्र पेट्रोल पूर्वीच्याच अंदाजाने सोडतो. मिश्रण दाट होते, प्लग काजळतो, गाडी धापा टाकते. मग लेहमध्ये थांबून मिककार्ब उघडायचा, लहान छिद्राचा जेट घालायचा, सुईची क्लिप एक खाच वर घ्यायची म्हणजे सुई खाली बसते, आणि परतीच्या वाटेवर हे सगळे आठवणीने उलट करायचे. नाहीतर मैदानात पातळ मिश्रणाने इंजिन तापे. काही जण एअर फिल्टरच काढून टाकत. गाडीला थोडी हवा मिळे, पण लडाखची धूळही सिलिंडरमध्ये जाई.

घरगुती आणि गल्लीतल्या बदलांना कारखान्यानेही कधी कधी मान तुकवली. डिझेल स्वस्त असताना बुलेटच्या चौकटीत छोटे डिझेल इंजिन बसवण्याचे उद्योग ठिकठिकाणी चालत. पुढे कंपनीनेच ग्रीव्ह्ज-लोम्बार्दिनीचे ३२५ सीसीचे, साडेसहा अश्वशक्तीचे इंजिन घालून डिझेल बुलेट विकली. सौराष्ट्रात तर बुलेटचे पुढचे अर्धे धड आणि मागे हौदा अशी ‘छकडा’ रिक्षा झाली.

बदलाचा दुसरा प्रवाह आवाजाचा. ‘डुगडुग’ अधिक खोल ऐकू यावी म्हणून सायलेन्सर बदलले गेले, आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी ते जप्त करून रोडरोलरखाली चिरडले. त्या चित्रफितींवर हळहळणाऱ्यांची बाजू दुबळी आहे. रात्री अकरा वाजता रुग्णालयासमोरून जाणारा तो फाडफाड आवाज हा कोणताही वारसा नाही, आणि मूळ बुलेट इतकी कर्कश कधीच नव्हती. मात्र कायद्याची दुसरी बाजू विचार करायला लावणारी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सन २००० मध्ये कडक करण्यात आले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. रंग वगैरे किरकोळ गोष्टींना वाट ठेवली गेली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण यंत्र नेमके काय आहे हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार आता कारखान्याकडे गेला. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, रॉयल एनफिल्डने ‘मेक इट युअर्स’ ही योजना आणली. ग्राहकाने मोबाइलवर रंग, सीट, आरसे, गार्ड निवडायचे आणि गाडी तशी जोडून मिळायची. वेल्डिंगवाल्याच्या दारात उभे राहून करवून घेतलेली गोष्ट आता यादीतली वस्तू झाली, आणि तिच्यावर वॉरंटीही आली.

इंजिनातला बदल मात्र याआधीच होऊन गेला होता. २००८ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेले नवे इंजिन येऊ लागले. त्यात हायड्रॉलिक टॅपेट होते, म्हणजे चिमटीत रॉड फिरवून पाहण्याची गरज संपली. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि दाब सोडण्याचे काम कॅमशाफ्टवरची स्वयंचलित योजना करू लागली. बिडाचे सिलिंडर असलेले जुने इंजिन पुढच्या एक-दोन वर्षांत बंद झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ चे नियम लागू झाले आणि कार्बुरेटरही गेला. त्याची जागा सेन्सर आणि संगणकाने घेतली. हा संगणक हवेचा दाब स्वतःच मोजतो आणि खार्दुंग लावर पेट्रोल स्वतःच कमी करतो. धूर कमी झाला, तेलाचे डाग गेले, गाडी लेहपर्यंत मुकाट पोचते. हे सगळे लाभ खरे आहेत. पण बिघाडाचा दिवा लागला की त्याचा अर्थ वाचायला निदानयंत्र लागते, आणि ते सहसा अधिकृत केंद्रातच असते. अंगणात बसलेल्या माणसाकडे पाने आहेत, पण विचारायला तोंड नाही.

या असमतोलाची दखल सरकारी पातळीवरही घेतली गेली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोबाइल, घरगुती उपकरणे आणि शेतीअवजारांसोबत वाहनेही होती, आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. रेडिचच्या पुस्तिकेत जे मालकाचे कर्तव्य म्हणून छापलेले असे, ते सत्तर वर्षांनी हक्क म्हणून मागावे लागते आहे.

तरी अंगण अगदी रिकामे झालेले नाही. चेन अजूनही घरी धुता येते, ताण बोटाने पाहता येतो, तेल आणि फिल्टर बदलता येतात, ब्रेकचे पॅड बसवता येतात. जुन्या इंजिनांचे मालक अजून पॉइंट शोधत बाजारात फिरतात, आणि आता त्यांच्यात मुलीही दिसतात. २०२१ मध्ये क्लासिक ३५० पूर्णपणे नव्या इंजिनासह आली. हेडलाइटच्या दोन्ही बाजूंचे ते दोन लहान दिवे तिच्यावर जसेच्या तसे आहेत. रेडिचने ते १९५४ मध्ये प्रथम लावले होते. किक मात्र या गाडीला नाही.